एकपदरी

पाषाणला उतरलं की दगडाचंच नाव लागतं जिभेला
आणि माझं काम दगड पातळ करण्याचं.
ग्राफाइटचा नखाएवढा तुकडा,
त्यावर चिकटपट्टी दाबायची, उचलायची,
दुमडायची, पुन्हा दाबायची.
नऊ वेळा. दहा वेळा.
पट्टीवरचा काळा डाग राखाडी होतो,
मग धुरकट,
मग नुसती शंका.

ती शंका सिलिकॉनच्या चौकोनावर उतरवायची
आणि सूक्ष्मदर्शकाखाली दुपारभर शोधायचं,
जांभळ्या माळावर किंचित जास्त जांभळं काही.
शंभरात एखादं सापडतं.
बाकीचे जाड.
सर म्हणतात, टाकू नकोस, नोंद कर.

यामिनी ढमढेरे, माझी रूममेट,
बँकेत लोकांची कर्जं मंजूर करते.
तिनं पहिल्यांदा नाक केलं तेव्हा मी सोबत होते,
कर्वे रोडला, जिन्यात फिनेलचा वास.
आठव्या दिवशी पट्टी काढली.
डॉक्टर म्हणाले, सुरेख. तिची आई म्हणाली, सुरेख.
यामिनीनं आरसा तिरका धरला,
मग खालून, मग खिडकीपाशी जाऊन,
आणि म्हणाली,
"डावीकडे काहीतरी राहिलंय."

राहिलेलं काढायला दुसरे डॉक्टर,
स्वतःच्याच बँकेचं कर्ज.
मावशी म्हणाली, आता ही नाकानं कांदे सोलणार!
सगळ्यांत आधी यामिनीच हसली.
मग दोन दिवस ताट खोलीत नेऊन जेवली.

आमच्या बाथरूमच्या आरशावर आता टॉवेल असतो.
तरी ती चमच्यात बघते,
बसच्या काचेत, मोबाइलच्या विझलेल्या पडद्यात.
एकदा रात्री दोनला
माझ्या बॅगेतला व्हर्नियर घेऊन नाकपुड्या मोजत होती.
वहीत आकडे, तारीखवार, डावी आणि उजवी.
माझ्या नोंदवहीसारखीच वही, तोच निळा पुठ्ठा.
फरक शून्य पूर्णांक एक.
म्हटलं, एवढी चूक तर व्हर्नियरचीच असते गं.
ती म्हणाली, "तुला दिसत नाही
कारण तू बघत नाहीस."
मला. जी दिवसभर बघण्याचाच पगार घेते.

तिसरे डॉक्टर प्रभात रोडचे, वयस्कर.
त्यांनी खुणा करायच्या पेनाला टोपण लावलं.
"मी कापणार नाही. कापलं
तर तुम्ही पुढची जागा शोधाल."
आणि एका चिठ्ठीवर नाव लिहिलं,
मनोविकारतज्ज्ञ, सोमवार ते शुक्रवार.
रिक्षात ती गप्प.
नळ स्टॉपच्या सिग्नलला तिनं चिठ्ठीची घडी घातली,
घडीची घडी, तिचीही घडी,
शेवटी कागद दुमडेनाच, इतका जाड झाला.

शनिवारी तिला लॅबमध्ये घेऊन गेले.
"बघ. एका अणूइतकं जाड."
ती वाकली, मान वाकडी करून,
नाक भिंगाला लागू नये म्हणून.
बराच वेळ.
"आणि हेही सोललं तर?"
"तर काहीच नाही. खालचं सिलिकॉन."
"म्हणजे थांबायचं कुठं, ते तुला यंत्र सांगतं."
"हो."
"बरंय तुझं," ती म्हणाली,
"मला तिघांनी सांगितलं."

परतताना रामनदीच्या पुलावर वास येत होता,
दोघींनीही नाक दाबलं.
तिनं हात पटकन काढला,
जणू ओलं काही बिघडेल.

चिठ्ठी आता फ्रिजवर आहे.
तिनंच उलगडली, मीच लावली,
लॅबमधून आणलेल्या पट्टीनं.
घड्यांच्या रेघांत नंबरातला एक आकडा
तीन की आठ, कळत नाही.
आज सकाळी एक कोपरा सुटला होता.
दूध काढता काढता
मी तो अंगठ्यानं दाबला.